गाडीला कवच, पोराला रुमाल

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी नवी गाडी आली. पेढे वाटून होत नाहीत तोच मुलाने विषय काढला, "बाबा, सिरॅमिक कोटिंग करूनच घेऊ. आपल्याकडे रंग टिकत नाही." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. निफाडात गाडीच्या रंगाला शत्रू पुष्कळ. छाटणी झाली की द्राक्षबागांत ब्लोअर फिरू लागतात आणि रस्त्याकडेला लावलेल्या गाडीवर बोर्डो मिश्रणाचे निळसर ठिपके उमटतात. उसाच्या ट्रॅक्टरमागची धूळ आहेच. बोअरच्या पाण्याने गाडी धुवावी तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात. नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला जावं तर पक्षीही आपली सही गाडीवर करून जातात. विष्ठेतल्या आम्लाने रंग खरोखरच खराब होतो.

तेव्हा एका रविवारी आम्ही रस्त्यालगतच्या अशाच एका दुकानात गेलो. भाव निघाला पंचवीस हजार. आत पाहिलं तर शेडचं शटर जवळजवळ पूर्ण खाली ओढलेलं. धूळ बसू नये म्हणून. बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा गाडीच्या बॉनेटवर बाटलीतलं द्रावण स्पंजने लावत होता आणि फडक्याने पुसत होता. शेजारच्याच भागात डेंटिंग-पेंटिंग चालू होतं. थिनरचा वास डोळ्यांत जात होता. मुलाच्या तोंडाला रुमाल बांधलेला होता आणि त्या रुमालाआडून तो सारखा खोकत होता.

मी विचारलं, "किती दिवस झाले खोकल्याला?"

"चार-पाच महिने झाले साहेब. धुळीचा आहे."

"सुटीच्या दिवशी कसं असतं?"

तो जरा थांबला. "सुटीला बरं वाटतं. गावाला गेलो होतो आठ दिवस, तेव्हा तर खोकला नव्हताच. इथं आलो की परत चालू."

त्याला मी ओपीडीत बोलावलं. तो आला, हेच विशेष. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, पहाटे दम लागून जाग येते, दोन खासगी दवाखाने आणि खोकल्याची अनेक औषधं झाली, हे सगळं त्याने तिथे सांगितलं. मात्र 'तू काम काय करतोस?' हे त्याला तोवर एकाही ठिकाणी विचारलेलं नव्हतं.

हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना शिकवला बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने. इ. स. १७०० मध्ये त्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत 'तुझा धंदा काय?' या प्रश्नाची भर घाला, असं सांगितलं. सव्वातीनशे वर्षं झाली, तरी गर्दीच्या ओपीडीत सर्वांत आधी गळतो तो हाच प्रश्न. माझ्याकडूनही अनेकदा गळला आहे.

आता या कोटिंगबद्दल थोडं. सिरॅमिक म्हटलं की आपल्याला चिनी मातीची बरणी आठवते. पण बाटलीत असतात ती सिलिकॉनची संयुगं, विद्रावकात विरघळवलेली. हवेतल्या ओलाव्याशी त्यांची प्रक्रिया होते, विद्रावक उडून जातो आणि रंगावर काचेसारखा पातळ थर धरतो. किती पातळ? गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण शंभर मायक्रॉनच्या आसपास भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा धरला, तर हे कोटिंग एक-दोन मायक्रॉनचं. त्याने पाणी थेंब होऊन ओघळतं, मळ चिकटत नाही, गाडी धुणं सोपं होतं, चकाकी टिकते. हे फायदे खरे आहेत. पण खडी उडाली तर टवका उडतोच आणि क्षारांचे डागही पूर्णपणे थांबत नाहीत. जाहिरातीतला 'नऊ एच' हा कडकपणा पेन्सिलीच्या मोजपट्टीवरचा आहे, हिरे-माणकांच्या नव्हे. रस्त्यावरची वाळू त्याहून खूप कठीण असते.

सिलिका म्हटल्यावर काहींना सिलिकोसिस आठवेल. तो आजार दगड फोडताना, कापताना उडणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाच्या बारीक धुळीने होतो, कोटिंग पुसल्याने नव्हे. विनाकारण घाबरायला नको. पण दारं बंद करून तासन् तास विद्रावकाची वाफ नाकात घेणं फुप्फुसांना, डोक्याला, त्वचेला चांगलं नाही. काही प्रकारची कोटिंग घट्ट होताना अमोनिया सोडतात, काही मद्यार्क सोडतात. मोकळ्या हवेत ते निघून जातं, बंद शेडमध्ये तिथेच साचतं. त्यात निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो. अशा वेळी कोटिंग लवकर धरावं म्हणून उरलीसुरली फटही बंद होते आणि आत तापवणारे दिवे लागतात.

याहून मोठा धोका शेजारच्या पेंटिंगमध्ये आहे. गाडीच्या रंगावर जो चकचकीत पारदर्शक थर मारतात, तो बहुधा दोन डब्यांतून येतो. एकात राळ, दुसऱ्यात हार्डनर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातली रसायनं असतात. हे नाव आपण एकदा ऐकलेलं आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये सुटला तो मिथाइल आयसोसायनेट वायू. रंगातली रसायनं ती नव्हेत, तशी घातकही नाहीत, पण कूळ एकच. त्यांचा गुण असा की, महिनोन् महिने काही होत नाही आणि मग एक दिवस शरीर त्यांना 'ओळखू' लागतं. एकदा ही ओळख पटली की, अगदी थोड्या फवाऱ्यानेही श्वासनलिका आवळतात. कधी लगेच, तर कधी काही तासांनी. दिवसा रंग मारला आणि दम रात्री लागला, म्हणून रुग्ण दोन्हींचा संबंध जोडत नाही. याला व्यावसायिक दमा म्हणतात. लवकर ओळखून त्या कामातून बाजूला झालं तर बरं होण्याची शक्यता चांगली असते. तसंच चालू ठेवलं तर पुढे काम सोडूनही दमा सुटत नाही.

हे काही नवं संशोधन नाही. ब्रिटनमध्ये वाहनं रंगवणारे कामगार व्यावसायिक दम्याच्या बाबतीत वर्षानुवर्षे सर्वांत जास्त धोक्याच्या गटात धरले जातात. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून असा नियमच केला की, ही रसायनं ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेला माल हाताळायचा तर कामगाराला आधी प्रशिक्षण द्यायला हवं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात डॉक्टरांनी सरकारला कळवायच्या आजारांची यादी दिली होती, तिच्यात आयसोसायनेटची विषबाधा आहे. पण दोन-चार पोरं काम करतात ते रस्त्याकडेचं शेड कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. ज्या कामासाठी मोठ्या कंपन्यांत बंदिस्त बूथ, हवा खेचणारी यंत्रणा, प्रसंगी यंत्रमानव असतात, तेच काम इथे रुमालावर चालतं.

रुमाल ऐकून आम्हा निफाडकरांना आणखी काही आठवायला हवं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कित्येकांच्या तोंडाला धड मास्क नव्हता. त्यानंतर हातमोजे, चष्मा, मास्क यांवर राज्यभर चर्चा झाली. आमचे द्राक्षबागायतदार फवारणीत मुरलेले. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे काय आणि हिरवा म्हणजे काय, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं, कारण तो त्रिकोण छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पण त्याच शेतकऱ्याचा मुलगा शेती परवडत नाही म्हणून गॅरेजात कामाला लागतो, तेव्हा त्याच्या हातातल्या बाटलीवर धोक्याची सूचना असते ती बारीक इंग्रजी अक्षरांत. बापाला विष ओळखता येतं, मुलाला येत नाही.

मी काही गाड्या चमकवण्याच्या विरोधात नाही. माझी गाडीही चमकते आहे. या धंद्यावर आमच्या तालुक्यातल्या अनेक तरुणांची चूल पेटते, ती विझावी असं मला मुळीच वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच की, रंगाच्या संरक्षणाची किंमत ठरवताना तो लावणाऱ्याच्या संरक्षणाचा खर्च त्यात धरला पाहिजे. तो खर्च फार नाही. एका गाडीच्या कोटिंगच्या पैशांत दुकानातल्या सगळ्या पोरांना चांगले मास्क येतील.

मास्कबद्दल मात्र नीट समजून घ्या. करोनाकाळात सर्वांना ठाऊक झालेला एन-९५ मास्क धुळीचे कण अडवतो, वाफ अडवत नाही. विद्रावकासाठी कोळशाचं काडतूस असलेला मास्क लागतो. ते काडतूस ठरावीक काळाने बदलावं लागतं, आणि दाढी असेल तर मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही. दोन डब्यांचा क्लिअर कोट फवारायचा असेल तर बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारा बूथच हवा. तो नसेल तर ते काम बूथ असलेल्या ठिकाणीच करून घ्यावं. कोटिंग पुसताना पंखा हवा बाहेर फेकणारा असावा. हातात नायट्राइलचे मोजे असावेत. हाताचा रंग थिनरने धुण्याची सवय तर आजच सोडावी. त्याने त्वचेचं संरक्षण निघून जातं आणि रसायनाला आत वाट मिळते. लांबी भरून झाल्यावर कोरडी घासण्यापेक्षा पाणी लावून घासावी. चाकं साफ करायच्या काही द्रावणांत फ्लोराइडयुक्त आम्ल असतं. ते लागल्यावर पहिल्यांदा फारसं दुखत नाही, काही तासांनी असह्य वेदना सुरू होतात. असं द्रावण अंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन, बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? गाडी देण्यापूर्वी दर विचारतो, वॉरंटी विचारतो, त्यात आणखी दोन प्रश्न विचारूया. पोरांना मास्क कोणता देता? क्लिअर कोट कुठे फवारता? दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की मालक अकराव्याची वाट पाहत नाही. 'संध्याकाळपर्यंत गाडी हवीच' हा हट्टही सोडूया. शटर बंद करून, दिवे लावून केलेली घाई आपल्याच त्या हट्टापायी असते. सरकारकडे मागणं एवढंच की, कीटकनाशकाच्या डब्याला जो न्याय आहे तोच या बाटल्यांना लावा. ठळक चिन्ह आणि मराठीत सूचना. आयटीआयमध्ये गाडी रंगवायला शिकवताना श्वास कसा वाचवायचा हेही शिकवा.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक विनंती. तरुण मुलगा जुना खोकला घेऊन आला तर क्षयाची तपासणी आपण करतोच आणि केलीच पाहिजे. सोबत त्याचा धंदा विचारा आणि सुटीच्या दिवशी बरं वाटतं का, ते विचारा. पीक फ्लो मीटर हे साधं, स्वस्त उपकरण आहे. दिवसातून चार वेळा फुंकून दोन-तीन आठवडे आकडे लिहायला सांगा, कामाचे दिवस आणि सुटीचे दिवस वेगळे दाखवून. वही आपोआप बोलू लागते.

त्या मुलाची वहीही बोलली. कामाच्या दिवसांत आकडा खाली, सुटीत वर. क्षयाची तपासणी स्वच्छ निघाली. कोणत्या रसायनाने केलं हे छातीठोक सांगता येणार नव्हतं, पण कामाशी संबंध स्पष्ट होता. "साहेब, काम सोडू नका सांगू. घरात मीच कमावता आहे," हे त्याचं पहिलं वाक्य होतं. मी त्याच्या मालकाला भेटलो. माणूस वाईट नव्हता, त्याला माहीतच नव्हतं. त्याने भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, फवारणीचं काम बाहेर द्यायला सुरुवात केली आणि मुलाला गाड्या धुण्याच्या मोकळ्या जागेत हलवलं. पगार तोच ठेवला.

परवा तो औषध न्यायला आला होता. खोकला बराच कमी आहे, पहाटे जाग येत नाही. इनहेलर मात्र अजून चालू आहे आणि तो कधी सुटेल, हे आज मी त्याला सांगू शकत नाही. आपल्या श्वासनलिकेच्या आतही निसर्गाने काही मायक्रॉनचाच एक ओलसर थर दिलेला आहे. तो खराब झाला तर पुन्हा लावून देणारं दुकान कुठल्याच रस्त्यावर नाही.