साखळीची जुनी टाकी : फेकण्याआधी तपासा

आपल्या धाराशिवात काही जुन्या घरांच्या संडासात अजूनही डोक्यावर बसवलेली, साखळी ओढायची बिडाची टाकी आहे. ती गळू लागली की सल्ला मिळतो, "काढून टाका, नवी बसवा." पण बिडाचे अंग सहसा शाबूत असते; झिजतात ते आतले छोटे भाग.

या टाकीत एक जड घंटा उपडी ठेवलेली असते. साखळी ओढून सोडली की घंटा खाली येते, पाणी मधल्या उभ्या नळीत ढकलले जाते आणि वक्रनलिकेच्या तत्त्वाने टाकी एका दमात रिकामी होते.

भांड्यात सतत धार दिसत असेल, तर टाकी भरू द्या आणि वरचा कॉक बंद करा. धार थोड्या वेळाने थांबली, तर दोष बॉल कॉकचा. पातळी उतरतच राहिली, तर उभ्या नळीचा तळाचा जोड गळतो आहे.

बॉल कॉकचा वायसर आधी बदला. गोळा हलवून पाहा. आत पाणी वाजले तर गोळाही बदला. दांडी किंचित खाली वाकवली की पाणी नळीच्या तोंडाखाली थांबते. पूर्ण बॉल कॉक घ्यायचा झाल्यास जुना सोबत न्या. बहुधा अर्धा इंची लागतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, पण पान्याने फार आवळू नका. बीड ठिसूळ असते, तडकते.

टाकीला तडा असेल किंवा भिंतीतले ब्रॅकेट गंजले असेल, तर मात्र मोह सोडा. एवढे वजन डोक्यावर नको. नवी ३/६ लिटरची टाकी घेताना तेवढ्या पाण्यात जुने भांडे साफ होते का, हे आधी विचारा.

पाच मिनिटांत एक लिटर गळती म्हणजे दिवसाला २८८ लिटर, जवळजवळ दीड पिंप. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. वाहत्या नदीकाठीही वुजूत इसराफ करू नये, असे आपण मुलांना शिकवतो. मग संडासातली धारही त्याच हिशेबात धरायला हवी. येत्या रविवारी मुलांना सोबत घेऊन ही तपासणी कराच.