खाज एक, कारणे अनेक



घरभेटीला गेलो की बहुतेक घरांत आम्हांला एक वस्तू हमखास दिसते. खिडकीच्या कोनाड्यात, चष्म्याच्या डबीशेजारी, खालून गुंडाळत आणलेली मलमाची ट्यूब. पोराला खाजले, लावा ट्यूब. आजीच्या पाठीवर फोड आले, तीच ट्यूब. काजूच्या तेलाने हात भाजला, तरी तीच. आमचे स्पष्ट मत असे की, ही ट्यूब जितके रोग बरे करते त्याहून अधिक रोग झाकून ठेवते.

हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्हांला कमरेला नायटा उठला. डॉक्टरांकडे जायचा संकोच वाटला. दुकानातून ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज थांबली, आम्ही खूश झालो. ट्यूब थांबवली आणि आठवड्यात नायटा दुप्पट होऊन परत आला. असे तीन वेळा झाल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितले, "फादर, यात बुरशीचे औषध थोडे आणि स्टिरॉइड जास्त. खाज झोपली, बुरशी जागीच राहिली." स्टिरॉइड असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तरीही 'खाजेची ट्यूब द्या' म्हटले की ती आजही हाती पडते. पुष्कळ दिवस लावली तर कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे ओरखड्यासारखे पट्टे उठतात आणि मूळ रोगाचे रूप बदलून डॉक्टरांनाही तो ओळखणे कठीण जाते.

म्हणून ट्यूब उघडण्याआधी चार प्रश्न विचारावेत. खाज कोठे आहे? केव्हा वाढते? घरात आणखी कोणाला आहे? आणि गेल्या दोन-तीन दिवसांत हात कशाला लागला होता?

खाज रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती, जांघेत बारीक पुटकुळ्या आहेत आणि घरात दुसऱ्यालाही खाजते, तर ती बहुधा खरूज. डोळ्यांना सहजी न दिसणारा एक कीटक कातडीत बीळ करून अंडी घालतो, त्याचा हा उपद्रव. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे आज ज्याला खाजत नाही त्याच्याही अंगावर कीटक असू शकतो. एकट्या पोराला औषध लावले की बरे झालेले पोर त्याच अंथरुणातून पुन्हा खरूज घेते, ते यामुळेच.

उपाय सोपा आहे, पण तो अख्ख्या घराने एकाच रात्री करायचा. पाच टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेचक्यांत, सर्वांगाला लावावे. आठ ते चौदा तासांनी अंघोळ करावी. आठवड्याने पुन्हा एकदा तसेच. त्याच दिवशी कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. धुता येत नाहीत त्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवाव्यात. तान्ह्या मुलांसाठी व गरोदर बायकांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे. कीटक मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते. म्हणून रोज मलम चोपडू नये. खाजवलेल्या जागी पू झाला तर मात्र हयगय नको. त्यातून पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. मुलाचे तोंड सुजले किंवा लघवी लाल अथवा कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता चट्टा गोल आहे, कड लाल व उचललेली आहे, मधला भाग निवळलेला आहे, तर तो नायटा. घामाने भिजलेले कपडे अंगावर वाळू देणे हे त्याचे खतपाणी. नुसते बुरशीचे मलम, स्टिरॉइड नसलेले, चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर लावावे आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावे. चट्टे अंगभर असतील तर पोटात गोळ्या लागतात. त्या डॉक्टरांनीच द्यायच्या.

चौथा प्रश्न आमच्या खानापूर-चंदगडकडच्या माणसांनी उन्हाळ्यात विसरू नये. काजूबीच्या टरफलातले तेल जहाल असते. बोंडू पिळताना, बिया सोलताना, चुलीत भाजताना ते उडते आणि हातावर, तोंडावर फोड येतात. कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. तेल लागताच साबण लावून भरपूर पाण्याने धुवावे, फोड फोडू नयेत, गार पाण्याची पट्टी ठेवावी. डोळे सुजले तर डॉक्टर. कामाला बसण्यापूर्वी हाताला खोबरेल चोळावे, जमल्यास हातमोजे घालावेत. बिब्बा हा काजूच्याच कुळातला. त्याचे तेल फोडांवर लावणे म्हणजे आगीवर तूप ओतणे होय. ती जुनी रीत आता सोडावी.

बांधावर काँग्रेस गवत उपटणाऱ्या माणसाच्या पापण्या, मान, कोपरांचे सांधे खाजून काळवंडत असतील, तर कारण त्या गवतात आहे. १९५० च्या दशकात पुण्यात दिसलेले हे गवत आज कोणत्या बांधावर नाही? त्याचा सूक्ष्म कचरा हवेतून येतो. फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून ते उपटावे. ज्याला त्याची बाधा होते त्याने उपटूच नये. ते काम घरातल्या दुसऱ्याने करावे.

आणि शेवटची नागीण. अंगाच्या एकाच बाजूला आधी दोन-तीन दिवस आग, ठणका आणि मग फोडांचा पट्टा. वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो ही समजूत खोटी आहे. हा कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी येऊन गेलेला, शरीरात दडून बसलेला. गेरू लावून, मंतरून घेऊन दिवस घालवू नयेत. औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर उत्तम. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर एक दिवसही थांबू नये. दृष्टी जाऊ शकते.

उलट, जो चट्टा फिकट किंवा तांबूस आहे, खाजत नाही आणि तेथे टोचलेलेही कळत नाही, तो सर्वांत आधी दाखवावा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि तो पूर्ण बरा होतो.

कोणी म्हणेल, "फादर, दवाखाना लांब, दिवसाची मजुरी बुडते, ट्यूब दारात मिळते." खरे आहे. पण दोन महिन्यांत संपलेल्या ट्यूबांचा हिशेब मांडा. घरात पाच जण रात्ररात्र खाजवत जागले, पोरगा शाळेत मागच्या बाकावर एकटा बसला, त्याचाही मांडा. मग एका दिवसाची मजुरी जड वाटणार नाही.

आम्हांला खरी चिंता आहे ती लाजेची. खरूज झालेली माणसे ती लपवतात. जणू घाणीचा शिक्का बसेल. खरूज घाणीने होत नाही. एका गोधडीत झोपल्याने, लेकराला जवळ घेतल्याने, म्हणजे माणसे जवळ असल्याने होते. स्वच्छ घरातही ती होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली तिला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. ते दुर्लक्ष आपल्या घरापासून सुरू होते.

तेव्हा आमची एवढीच विनंती: या आठवड्यात कोनाड्यातली ती ट्यूब हाती घ्या आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते शाळेत शिकणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सॉल' दिसले तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा लावू नका. आणि शेजारच्या घरी कोणी खाजवत असेल तर हसू नका. चार प्रश्न विचारा आणि त्याला दवाखान्यापर्यंत सोबत करा.