कपाशीचा धडा आणि जैवउद्योगाचे आमिष

रोहिणी नक्षत्र जवळ आले की जळगाव, चोपडा, शिरपूरच्या बाजारपेठांत कपाशीच्या बियाण्याचीच चर्चा असते. ज्या खानदेशातील शेतकरी एकेकाळी घरच्या सरकीतूनच पुढच्या हंगामाची तरतूद करीत असे, तेथे आज पाकीट विकत घेतल्यावाचून कपाशीची पेरणी होत नाही. हे परावलंबन आकाशातून कोसळलेले नाही. 'संश्लेषित जीवशास्त्र' या नव्या उद्योगाचे पोवाडे सध्या गायिले जात आहेत. त्यात सूर मिसळण्यापूर्वी या परावलंबनाचा इतिहास तपासणे अगत्याचे आहे.

जनुकांची हवी तशी जुळणी करून यीस्ट किंवा जिवाणूंकडून औषधे, रंग, सुगंधी द्रव्ये टाकीत तयार करून घेणे, हे या शास्त्राचे स्वरूप. ते थोतांड नव्हे. हिवतापावरील आर्टेमिसिनिनचे उत्पादन सनोफी कंपनीने 2013 साली याच मार्गाने सुरू केले. केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये 'बायो-ई-थ्री' धोरण संमत करून या क्षेत्रात पाऊल टाकले, हे योग्यच झाले. 'हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणत स्वस्थ बसणाऱ्यांचा स्वदेशीशी काही संबंध नाही. प्रश्न मालकीचा आहे.

मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले गेले. बोंडअळीला आरंभी आळाही बसला. मग बिघडले कोठे? चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे हे जनुक मुख्यत्वे सरळ वाणांत दिले गेले. भारतात मात्र ते जवळजवळ संपूर्णपणे संकरित वाणांतच आले. संकरित वाणाची सरकी राखून पेरली तर पीक एकसारखे येत नाही, म्हणजे कायद्याने बियाणे राखण्याचा हक्क असूनही तो शेतात निरुपयोगी! एकाधिकारास याहून भक्कम कुलूप कोणते? 450 ग्रॅमच्या पाकिटासाठी 1,600 रुपयांच्या घरात दाम मोजावे लागले आणि त्यातील मोठा वाटा मोन्सॅन्टोच्या तंत्रज्ञानाचे शुल्क म्हणून जाई. 2006 साली आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाचे दार ठोठावले, तेव्हा कोठे दर उतरले. त्याच वर्षी दोन जनुकांचे नवे बियाणे आले. पुढे अळीने त्या दोन्हींवर मात केली. दीर्घ मुदतीची संकरित कपाशी आणि फरदड यांनी गुलाबी बोंडअळीला वर्षभर आसरा दिला. 2017 साली महाराष्ट्रात तिने जो हाहाकार माजवला, तो जळगाव-धुळ्याचा शेतकरी विसरलेला नाही.

आपल्या सरकारी संशोधनानेही येथे शरमेने मान खाली घालावी, असे घडले. 'बिकानेरी नरमा' हा सरळ बीटी वाण 2009 साली मोठ्या अभिमानाने बाजारात आला. त्यात मोन्सॅन्टोच्याच जनुकाचा अंश आढळला आणि तो मागे घ्यावा लागला. स्वदेशीचे लेबल लावल्याने माल स्वदेशी होत नाही.

आता धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याकडे पाहावे. तेथे मक्यापासून स्टार्च काढला जातो. स्टार्चपासून ग्लुकोज होते आणि नव्या जैवउद्योगातील यीस्टचे खाद्य हेच ग्लुकोज. उद्या असे कारखाने उभे राहिले तर खानदेशाचा मका लागेल, पाणी लागेल, मजूरही लागतील. परंतु टाकीतील जिवाणूचे एकस्व परदेशात असेल, तर नफा कोठे जाईल? 1860 च्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा झाला, तेव्हा येथून गाठी रवाना झाल्या आणि कापड विलायतेत विणले गेले. मालकीचा प्रश्न टाळला, तर मक्याचेही तेच होईल.

जनुकीय संपादनाचेही तसेच आहे. मे 2025 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने अशा भाताचे दोन वाण जाहीर केले, त्याबद्दल शास्त्रज्ञांचे अभिनंदन. परंतु क्रिस्पर या हत्याराची मूळ एकस्वे परकीय विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या हाती आहेत. शिवाय आता वनस्पती चोरण्याचीही गरज उरलेली नाही. तिच्या जनुकांची अक्षरमाला संगणकावर मिळाली की पुरे. तिच्या मोबदल्यासाठी फेब्रुवारी 2025 मध्ये 'काली निधी' स्थापन झाला, पण कंपन्यांचे त्यातील योगदान ऐच्छिक! चोराने स्वेच्छेने दंड भरावा, असाच हा न्याय.

जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, केळी संशोधन केंद्र आहे. धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे. भरिताचे वांगे आणि जळगावची केळी यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. या वाणांच्या आणि खानदेशी देशी कपाशीच्या जनुकांची नोंद याच संस्थांनी, सरकारी खर्चाने, आपल्या नावे करावी. बायो-ई-थ्रीखाली खानदेशात कारखाना येणार असेल, तर त्यातील यीस्टचे एकस्व कोणाचे, याचे लेखी उत्तर लोकप्रतिनिधींनी जमीन देण्याआधी मागावे. बीटी कपाशीच्या वेळी हा प्रश्न 2002 मध्ये विचारायला हवा होता. तो आंध्रने विचारला, 2006 मध्ये.