तापाच्या लेकराला डॉक्टर कोणता?

१९२६ साली बाबासाहेब आणि रमाईंचा लाडका राजरत्न गेला. त्याच्याआधी तीन लेकरे गेली होती. पाचांपैकी एकटे यशवंतराव जगले. तेव्हा गोवराची लस नव्हती, न्यूमोनियावर आजची औषधे नव्हती. आज दोन्ही आहेत. तरीही वस्तीतले लेकरू अशा आजाराने दगावले, तर तो नशिबाचा खेळ म्हणून आम्ही गप्प बसणार नाही.

भीमवाडीत, फुलेनगरात फिरताना आया विचारतात, "ताई, साथीच्या आजारांचा लहान मुलांचा खास डॉक्टर कुठे मिळेल?" आमचे म्हणणे असे की खास डॉक्टर शोधण्यात दिवस घालवू नका. असे तज्ज्ञ देशातच थोडे आहेत. गोवर, डेंग्यू, टायफॉइड, जुलाब, न्यूमोनिया हे बालरोगतज्ज्ञाचे रोजचे काम. गुंतागुंत झाली तर पुढे कुठे पाठवायचे, हेही तोच सांगतो.

मात्र पाटीवर 'लहान मुलांचे डॉक्टर' लिहिले म्हणून कोणी बालरोगतज्ज्ञ होत नाही. बालरोगातली एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.सी.एच. आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा. विचारायला लाजू नका. आल्या आल्या इंजेक्शन टोचणाऱ्यापेक्षा वजन करणारा, श्वास मोजणारा, लसीचे कार्ड मागणारा डॉक्टर बरा.

पैशाची भीती असेल तर त्र्यंबक रोडवरचे जिल्हा शासकीय रुग्णालय गाठा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या बिटको आणि डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत बालरोगतज्ज्ञ कोणत्या वारी, किती वाजता बसतात, हे मूल बरे असतानाच विचारून ठेवा.

पुढील लक्षणे दिसली तर वार पाहू नका, १०८ ला फोन करा: मूल पीत नाही, सगळे उलटून टाकते, झटके येतात, सुस्त पडते, श्वास घेताना छाती आत ओढली जाते. शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा जास्त भरले, तर लगेच दवाखाना.

२०२२ च्या अखेरीस गोवंडीत आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात गोवराची साथ आली. गोवराची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत, दोन्ही वेळा मोफत मिळते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही 'माता आली' म्हणून उशाशी लिंबाचा पाला ठेवलेला आम्ही पाहिला आहे. प्रतिज्ञा घेतली, तर लेकराच्या तापातही ती पाळा.

आयाबाया दिवसा धुण्याभांड्याला जातात आणि सरकारी ओपीडी बहुतेक ठिकाणी दिवसाच चालते. म्हणून वस्तीजवळच्या शहरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन संध्याकाळी बालरोगतज्ज्ञ बसलाच पाहिजे, ही आमची महापालिकेकडे मागणी आहे. प्रत्येक विहाराने तसा अर्ज द्यावा. तोवर येत्या रविवारी वंदनेनंतर आशाताईंना बोलवा आणि डॉक्टरांचे वार, वेळा आणि १०८ विहाराच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवा.

जय भीम!