भाषा शिकून परतणे

परदेशी जाऊन भाषा शिकणाऱ्यांविषयी बोलताना आपले सारे लक्ष प्रस्थानाकडे असते. कोणत्या देशी गेला, किती वर्षे राहिला, कोणती परीक्षा उत्तीर्ण झाला, एवढ्यावर आपले कौतुक आटोपते. माझ्या मते अशा प्रवासाची खरी कसोटी परतीनंतर लागते. शिकलेल्या भाषेतून घरच्या भाषेत काय आले, हा प्रश्न निदान साहित्याच्या अभ्यासकाने तरी विचारायला हवा.

धर्मानंद कोसंबींचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. बुद्धाच्या ओढीने १८९९ मध्ये त्यांनी गोवा सोडला. पुणे, काशी, नेपाळ अशी वाट तुडवीत १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपात पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशही झाला. १९०६ मध्ये ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. तेथेच स्थिरावणे सोपे होते. परंतु महाराष्ट्रात राहून दरवर्षी एक ग्रंथ लिहावा, या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी स्वीकारले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक, १९१२ ते १९१८ या काळातील फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन, पुढे ‘भगवान बुद्ध’ हे चरित्र, हे सारे त्या परतीचे फळ होय.

या परतीचे मोल एकट्या कोसंबींनी चुकविले नाही. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते गेले होते. ‘निवेदन’ वाचताना ज्ञानयात्रेच्या तेजाने आपण दिपून जातो आणि घरी काढलेली ती वर्षे नजरेआड करतो. आत्मचरित्राच्या अध्यापनात ही बाजूही यायला हवी.

तळ्यात हे लिहिताना कुडे येथील लेण्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. आमच्याच तालुक्यातील या २६ बौद्ध लेण्यांत ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख आहेत. दात्यांमध्ये वैद्य आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. ही भाषा नेमकी पाली नव्हे. पण तिच्या फार जवळची आहे. त्या लेखांतला ‘लेण’ हा शब्द तर आपण आजही वापरतो. अक्षरे जागेवरच राहिली. ती वाचण्याची विद्या मात्र येथून गेली. पालीसाठी एका मराठी माणसाला समुद्र ओलांडावा लागला, यामागे हाच तुटलेला धागा आहे.

आज जर्मन, जपानी शिकून परदेशी जाणारे विद्यार्थी पोटापाण्यासाठी जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. कोसंबींसारखा सर्वस्वाचा त्याग कोणाकडून मागूही नये. प्रश्न आपल्या मराठी विभागांचा आहे. असा विद्यार्थी परत येतो, तेव्हा त्याचा सत्कार करून आपण मोकळे होतो. त्याच्याकडून एखाद्या कथेचा थेट अनुवाद, एखादा शब्दसंग्रह, चार व्याख्याने आपण मागतो काय? सयाजीरावांनी पैशाबरोबर अट घातली होती, आणि ती अट मराठीच्या हिताची ठरली. आपल्यापाशी तेवढा पैसा नसेल. अट घालण्याचा आग्रह मात्र धरता येईल.