विश्लेषण : ग्रहताऱ्यांवरून इतिहासाची तारीख ठरते, पण केव्हा?

‘महाभारत युद्धाचा नेमका दिवस संगणकाने शोधला’ अशा अर्थाचा संदेश दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरतो. सोबत आकाशाचा नकाशा असतो, नक्षत्रांची नावे असतात आणि तारीख थेट दिवसापर्यंत दिलेली असते. पुण्याला हा विषय नवा नाही. लोकमान्य टिळक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरातून तो जगापुढे मांडला. जुन्या खगोलीय नोंदीवरून तारीख काढता येते, हे खरे. मात्र ती नोंद कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी सर्वात चांगली कसोटी सापडते ती बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांत.

बॅबिलोनमध्ये काय लिहून ठेवले होते?

आजच्या इराकमधील बॅबिलोन शहरात लेखनिक रोज रात्री आकाश पाहत आणि ओल्या मातीच्या पाटीवर कीलाक्षरात नोंद करत. चंद्र कोणत्या ताऱ्याजवळ होता, ग्रह कधी दिसू लागला, ग्रहण केव्हा लागले, आकाश ढगाळ होते का, हे सारे त्यात असे. त्याच पाटीवर जव, खजूर, लोकर यांचे भाव, नदीच्या पाण्याची पातळी आणि शहरातल्या घडामोडीही लिहिल्या जात. हाती आलेल्या रोजनिश्यांपैकी सर्वात जुनी इसवीसनपूर्व ६५२ ची आहे आणि ही परंपरा इसवीसनपूर्व पहिल्या शतकापर्यंत चालली. बहुतेक पाट्या आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

अलेक्झांडरचा मृत्यू याच रोजनिशीत सापडतो. दुसऱ्या महिन्याच्या २९ तारखेला राजा वारला आणि आकाशात ढग होते, इतकीच ती कोरडी नोंद. त्यावरून इसवीसनपूर्व ३२३ मधील ११ जून ही तारीख निघाली.

तारीख निघते कशी?

बर्लिनमधील एका पाटीवर नेबुखद्नेझर राजाच्या ३७ व्या वर्षाच्या नोंदी आहेत. चंद्र आणि ग्रहांची सुमारे तीस स्थाने त्यात दिली आहेत. चंद्र महिन्याभरात आकाशाची फेरी पूर्ण करतो, गुरूला सुमारे १२ वर्षे लागतात, शनीला साडेएकोणतीस. प्रत्येकाची चाल वेगळी असल्यामुळे हे सगळे त्याच ठिकाणी, त्याच क्रमाने पुन्हा जमून येणे जवळजवळ अशक्य असते. ही पाटी इसवीसनपूर्व ५६८-६७ या वर्षाशीच जुळते. एखादी नोंद लिहिताना चुकली असली, तरी उरलेल्या नोंदी ती चूक उघडी पाडतात.

या नोंदी इतक्या भरवशाच्या ठरल्या की त्यांच्या आधारे पृथ्वीचीच तपासणी झाली. इसवीसनपूर्व १३६ मध्ये १५ एप्रिलला बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद आहे. पृथ्वी तेव्हापासून एकाच गतीने फिरत असती, तर त्या ग्रहणाची सावली बॅबिलोनच्या कितीतरी पश्चिमेला पडली असती. हा फरक सुमारे सव्वातीन तासांचा भरतो. पृथ्वीचा दिवस शतकामागे दीड-दोन मिलिसेकंदांनी लांबत आहे, हे अशाच जुन्या ग्रहणांवरून पक्के झाले.

मग बॅबिलोनची प्रत्येक पाटी खात्रीची का?

नाही, आणि खरा धडा इथेच आहे. अम्मिसादुका राजाच्या काळातील शुक्राच्या उदयास्ताची २१ वर्षांची यादी प्रसिद्ध आहे. पण हाती आलेल्या तिच्या प्रती मूळ निरीक्षणानंतर अनेक शतकांनी, शकुनग्रंथाचा भाग म्हणून उतरवलेल्या आहेत. नकलांमध्ये चुका शिरल्या. शिवाय शुक्र आणि चांद्रमास यांचा मेळ ५६ किंवा ६४ वर्षांनी जवळपास तसाच पुन्हा जमतो. त्यामुळे या राजाच्या पहिल्या वर्षासाठी इसवीसनपूर्व १७०२, १६४६ आणि १५८२ असे पर्याय शंभर वर्षे वादात राहिले. आकाशाच्या गणिताला हा वाद एकट्याने मिटवता आला नाही. झाडांच्या वर्षवलयांसारखा वेगळा पुरावा मदतीला घ्यावा लागला.

म्हणजे शहर तेच आणि विद्याही तीच. पण जी नोंद त्याच वेळी लिहिली गेली तिच्यातून दिवस मिळतो, आणि जो मजकूर नकलांमधून आला त्यातून हाती येतात फक्त शक्यता.

महाराष्ट्रात याचे उदाहरण कोणते?

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांची जन्मतिथी. पूर्वी शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया धरली जात असे. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रकाशात आणली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद आहे.

ही नोंद स्वतःच स्वतःची परीक्षा देते. वद्य तृतीयेला चंद्र सूर्याच्या २०४ ते २१६ अंश पुढे असतो. त्या दिवशी सूर्य कुंभ राशीच्या उत्तरार्धात होता. तेवढे अंश पुढे मोजले की चंद्र हस्त नक्षत्रात किंवा त्याच्या लगतच्या चित्रा नक्षत्रात येतो. वारही जुळतो : जुन्या ज्युलियन पद्धतीने १९ फेब्रुवारी १६३० हा शुक्रवारच होता. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० ठरतो, तोही अर्थातच शुक्रवार. तिथी, वार आणि नक्षत्र या तीन स्वतंत्र गोष्टी एकमेकींना साक्ष देतात. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली, त्यामागे हे बळ आहे.

टिळक आणि दीक्षित यांनी काय केले?

दुसऱ्या प्रकाराचा मजकूर म्हणजे वेदवाङ्मय. पृथ्वीचा अक्ष संथपणे डोलत असल्याने वसंतसंपात नक्षत्रांमधून मागे सरकत जातो. एक अंश सरकायला सुमारे ७२ वर्षे आणि एक नक्षत्र ओलांडायला साडेनऊशेहून अधिक वर्षे लागतात. याच घड्याळाच्या आधारे टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ लिहिले. संपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा ऋग्वेदात आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावरून त्यांनी इसवीसनपूर्व ४००० ते २५०० हा कालखंड सुचवला. जर्मनीत हर्मान याकोबी त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला आले होते.

दीक्षितांनी शतपथ ब्राह्मणातील एका उल्लेखावर बोट ठेवले. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, असा त्याचा आशय. आज पुण्यातून पाहिले तर कृत्तिका पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतात. त्या नेमक्या पूर्वेला उगवत तो काळ दीक्षितांच्या गणिताने इसवीसनपूर्व ३००० च्या आसपास येतो.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. ‘पूर्वेला’ हा शब्द किती काटेकोर धरायचा? उल्लेख लिहिणाऱ्याच्या काळचा आहे की जुनी स्मृती पुढे आली आहे? वेदांग ज्योतिषात सर्वात मोठा आणि सर्वात लहान दिवस यांचे प्रमाण ३ : २ आहे. बॅबिलोनमध्येही तेच प्रमाण वापरात होते, म्हणून काही अभ्यासक ते तिकडून आले असे मानतात. पुण्यात सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वात लहान अकरा तासांचा असतो, तेव्हा हे प्रमाण इथले नक्कीच नव्हे. पण काश्मीरच्या अक्षांशावर ते जवळपास बसते, असे उत्तर दुसरी बाजू देते. टिळकांनाही हा बॅबिलोनचा धागा दिसला होता. अथर्ववेदातील तैमात, उरुगूला असे शब्द खाल्डियातून आले असावेत, असे त्यांनी १९१७ च्या भांडारकर गौरवग्रंथातील लेखात मांडले.

वाद मिटलेला नाही. पण दोघांची शिस्त लक्षात घेण्यासारखी आहे. ‘ओरायन’मध्ये टिळक कालखंड सांगतात, वार आणि घटका सांगत नाहीत. पुराव्यात जेवढा नेमकेपणा होता, तेवढाच निष्कर्षात ठेवला.

मग महाभारताच्या तारखांचे काय?

इथे ती शिस्त सुटलेली दिसते. प्रबोधचंद्र सेनगुप्त यांनी युद्धासाठी इसवीसनपूर्व २४४९ काढले, नरहरी आचार यांनी ३०६७, तर पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तक यांनी ५५६१. ग्रंथ एकच, आकाशही एकच, पण उत्तरांत तीन हजार वर्षांहून अधिक अंतर. परिश्रम सर्वांनी घेतले आहेत. अडचण आहे ती मजकुरात.

युद्धापूर्वीच्या अपशकुनांमध्ये शनी एकीकडे रोहिणीला पीडा देतो, तर दुसरीकडे तो विशाखेजवळ असतो. ही नक्षत्रे आकाशात जवळपास समोरासमोर आहेत आणि एकीपासून दुसरीपर्यंत जायला शनीला तेरा वर्षे लागतात. मग कोणी एक श्लोक अक्षरशः घेतो आणि दुसऱ्याचा अर्थ ‘दृष्टी’ असा लावतो, तर कोणी नेमके उलट करतो. निवड बदलली की तारीख बदलते. भांडारकर संस्थेने १२५९ हस्तलिखिते ताडून १९६६ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. कोणता श्लोक कोणत्या हस्तलिखितांत आहे, हे तीत पाहता येते. ते न पाहता केलेले गणित कितीही अचूक असले, तरी त्याचा पाया कच्चाच राहतो.

सॉफ्टवेअरचीही मर्यादा आहे. पृथ्वीच्या मंदावणाऱ्या गतीमुळे पडणारी तफावत इसवीसनपूर्व ३००० साठी सुमारे २० तासांवर जाते. तितक्या जुन्या ग्रहणांची नोंद हाती नसल्याने तो आकडाही अंदाजाने मागे ताणलेला असतो. त्यामुळे ग्रहण झाले होते हे सांगता येते, पण ते कुरुक्षेत्रावरून दिसलेच असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

वाचकाने काय विचारावे?

पुढचा संदेश आला की तीन प्रश्न पुरेसे आहेत. नोंद त्याच वेळी लिहिलेली आहे की नंतर उतरवलेली? तीत एकमेकांपासून स्वतंत्र किती गोष्टी आहेत? आणि न जुळणाऱ्या उल्लेखांचे काय केले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर ती तारीख शोधलेली नसून निवडलेली असते.

यात परंपरेचा अवमान काहीच नाही. महाभारताचे मोठेपण युद्धाच्या तारखेवर अवलंबून नाही आणि वेदांचे वय हजार वर्षांनी कमी-अधिक झाल्याने त्यांची थोरवी घटत नाही. उलट ठिसूळ तारखांचा आग्रह धरला, तर जेधे शकावलीसारखा भक्कम पुरावाही त्याच संशयाच्या रांगेत उभा राहतो. ज्या शहराने शिवजन्माची तिथी पुराव्याच्या बळावर बदलून घेतली, त्याने महाभारताच्या तारखेकडेही तेवढाच पुरावा मागायला हवा.