अनुदानाची अट आणि शहराचा दंड

उदगिरांतील व्यापारी सिमेंट किंवा लोखंड विकतो तेव्हां त्याच्या पावतीवर कराच्या दोन ओळी छापलेल्या असतात. अर्धा कर केंद्राचा, अर्धा राज्याचा. नगरपरिषदेची तिसरी ओळ तेथें नाहीं. नगरपरिषदांची जकात 1999 सालीं उठली. घरपट्टी-पाणीपट्टी सोडल्यास त्यांच्या हातीं स्वतःचें फारसें उत्पन्न राहिलें नाहीं. गटारें, पाणी, कचरा हीं कामें मात्र त्यांचींच. म्हणून वरून येणाऱ्या अनुदानाकडे पाहावें लागतें. आणि पैसा देणारा अट घालतो, हें पेढीवर बसणाऱ्यांस सांगावयास नको.

पंधराव्या वित्त आयोगानें 2021 ते 2026 या पांच वर्षांसाठीं स्थानिक संस्थांस 4 लक्ष 36 हजार कोटींहून अधिक रुपयांची शिफारस केली. दहा लक्ष वस्तीच्या आंतील शहरांच्या वांट्यापैकीं शेंकडा 60 भाग पाणी व स्वच्छता यांनाच बांधून दिला. तपासलेले हिशेब सर्वांस पाहतां येतील असे संकेतस्थळावर ठेवावे, मालमत्ताकराचा किमान दर राज्यानें जाहीर करावा, अशाही अटी घातल्या. या अटींस आमचा विरोध नाहीं. सार्वजनिक पैशाचा हिशेब उजेडांत यावा, हें आम्हांस इष्टच वाटतें.

आमचा आक्षेप निराळा आहे. जेथें विधिवत् निवडून आलेली सभा नाहीं, त्या संस्थेस हें अनुदान मिळूं नये, असाही केंद्राचा दंडक होता. आतां निवडणूक वेळेवर घेणें कोणाच्या हातीं? राज्यघटनेचें 243-यू हें कलम सांगतें कीं, नगरपरिषदेची मुदत पांच वर्षांची, व नवी निवडणूक ती संपण्यापूर्वीं झाली पाहिजे. तथापि इतर मागासवर्गांच्या राखीव जागांचा वाद सर्वोच्च न्यायालयांत पडून राहिला. प्रभागरचना बदलत गेली. आणि राज्यांतील बहुतेक नगरपरिषदा वर्षानुवर्षें प्रशासकांच्या हातीं राहिल्या. 6 मे 2025 रोजीं न्यायालयानें चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हां कोठें डिसेंबर 2025 मध्यें 246 नगरपरिषदा व 42 नगरपंचायतींचें मतदान झालें. मध्यंतरीं अनेक संस्थांचे हप्ते अडले. मुनिमानें खातें बिघडविलें आणि दंड मात्र गिऱ्हाइकास, असा हा न्याय झाला. ज्या नागरिकांस मत देऊं दिलें नाहीं, त्यांचेंच गटार तुंबलेलें राहावें काय?

अट असावी, पण जो ती मोडील त्यालाच तिचा चटका बसावा. निवडणूक राज्यामुळें लांबली तर शहराचा वांटा बुडूं नये. तो निराळा राखून ठेवावा, सभा बसतांच द्यावा, आणि विलंबाचा भार राज्याच्या वांट्यावर घालावा. दिल्लीच्या अनुदानास आम्ही दान म्हणत नाहीं. आपणच भरलेला कर फेरा घालून परत येतो, एवढेंच.

परंतु दुसराही एक बोल आम्हांस आपल्याच लोकांस लावला पाहिजे. जमाखर्च प्रसिद्ध करा, हें नगरपरिषदांस दिल्लीहून सांगावें लागलें, कारण गांवानें तो कधीं निकरानें मागितला नाहीं. स्वतःच्या दुकानाची रोजकीर्द रोज रात्रीं मिळविणारे आपण, शहराचा ताळेबंद वर्षांतून एकदां तरी वाचतों काय? आतां निवडून आलेल्या सभा बसल्या आहेत. अंदाजपत्रकाच्या वेळीं पाणी व स्वच्छता यांसाठीं किती आलें, किती खर्चिलें, किती शिल्लक, हे तीन प्रश्न प्रत्येक प्रभागानें आपल्या सभासदास विचारावे. ज्या गांवचे लोक हिशेब मागतात, त्या गांवास परक्याची अट फारशी जाचत नाहीं.